गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी आणि ‘ओरिजिनल’ कंडेन्सर

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. तक्रार अशी: सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. कोल्हापुरातला शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला, काही त्रास नाही. केर्लीच्या पुढे एखादा झटका. वाघबीळला पन्हाळ्याचा चढ लागला की मिसिंग, आणि दोन-तीन वळणांत इंजिन गप्प. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

जानेवारी ते मे या पाच महिन्यांत यापायी तीन कंडेन्सर, दोन पॉइंट सेट, एक कॉइल (हे तिन्ही प्लगची ठिणगी तयार करणारे भाग) आणि पेट्रोल पंपाचं किट बदललं. प्रत्येक वेळी आठवडा-दोन आठवडे गाडी बरी चालायची, मग परत तोच आजार. ज्यांच्याकडे पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप आहे आणि नवा पार्ट टाकूनही तोच दोष उलटून येतोय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. आमच्या मेस्त्रींचं निदान, कंडेन्सरच गेलाय हे, पहिल्या दिवशीच बरोबर होतं. आम्ही पाच महिने त्यांच्या निदानावर शंका घेत राहिलो आणि पार्टवर कुणीच घेतली नाही.

आधी पेट्रोल की करंट, ते ठरवा

गरम गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक जण ‘पेट्रोलची वाफ झाली’ म्हणतो आणि पंपावर ओलं फडकं टाकायला लावतो. वाफ होतेही, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. पण फडकं टाकायच्या आधी दोन मिनिटं खर्च करा. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल पोचलेलं आहे. मग फिल्टर परत बसवा, डिकीतला जादा प्लग एका प्लग वायरला लावा, त्याचं अंग ब्लॉकला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड आणि आवाजाची हवी. पिवळसर, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर फडकं बाजूला ठेवा, रोग करंटचा आहे.

आता डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढा आणि सेल्फ मारताना पॉइंटकडे, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या स्विचकडे, बघा. पॉइंट उघडताना बारीकशी ठिणगी दिसली तर हरकत नाही. वेल्डिंगसारखा पांढरा-निळा भपका दिसत असेल तर कंडेन्सर गेला.

कंडेन्सर करतो काय, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या वेढ्यांतला करंट एकदम तुटायला हवा, कारण तो जितक्या झटक्यात तुटेल तितका दुसऱ्या वेढ्यांत दाब जास्त, पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत. पण करंट सहजी तुटत नाही, उघडत्या फटीतून उडी मारून वाहत राहू बघतो. त्या क्षणी कंडेन्सर त्याला आपल्या पोटात घेतो. कंडेन्सर मेला की करंट फटीतूनच जळत राहतो, पॉइंट काळे पडतात आणि प्लगला मिळते ती मेलेली ठिणगी. थंड असताना आतला जोड कसाबसा टिकतो, तापला की सुटतो. म्हणून गाडी गावात चालते आणि पन्हाळ्याच्या चढावर थांबते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दर वेळी पार्टच खोटा असतो असं नाही. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये साधारण ३ ओहम मिळतात. वेगळ्या रेझिस्टन्सबरोबर वापरायची कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. ही दुसरी कॉइल कुणी रेझिस्टन्सशिवाय सरळ जोडली, तर अस्सल पॉइंट आणि अस्सल कंडेन्सरसुद्धा जळतील. डेल्कोच्या आतली बारीक अर्थची वायर तुटलेली असेल, कंडेन्सरचा स्क्रू गंजावर बसवलेला असेल, तरी लक्षण हेच. मल्टिमीटरने हे आधी बघून घ्या, नाहीतर दुकानदाराशी उगाच भांडण होईल.

तिसरा कंडेन्सर आणि हॅक्सॉ

तिसरा कंडेन्सर चाळीस किलोमीटरमध्ये गेला. डबा एका नामवंत कंपनीचा, छपाई झकास, वर चकचकीत होलोग्राम. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये मेस्त्रींनी तो हातात घेतला, दोनदा कानाशी हलवून बघितला आणि काही न बोलता व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने कापला. मग म्हणाले, “तुमच्या वडिलांचा जुना असंल की घरात. आणा.”

वडील जुना पार्ट टाकत नसत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पॉइंट, रोटर, प्लग, कंडेन्सर, सगळं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं. त्यातला एक कंडेन्सर नेला. तोही कापला.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर सांगायला कुणाची गरज उरली नाही. जुन्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी आणि तेलकट कागद यांची घट्ट गुंडाळी, नळी पूर्ण भरलेली. तळाशी एक छोटी स्प्रिंग ती गुंडाळी वर दाबून धरते, वर फायबरची चकती, आणि नळीची कड आत वळवून पक्की बंद केलेली. नव्याच्या आत हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, हिरवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळतो तसला कपॅसिटर. एक पाय बाहेरच्या वायरीला सोल्डरचा डाग देऊन जोडलेला. दुसरा पाय नळीच्या भिंतीला नुसता टेकवलेला, डाग नाही, काही नाही. उरलेली पोकळी मेणाने भरलेली. इंजिन तापलं की मेण पातळ, पाय मोकळा.

मेस्त्री म्हणाले, “डबा मोटारीचा, आन् काळीज पंख्याच्या रेग्युलेटरचं. ह्यो काय चढ चढतोय?”

कापल्यावर कळणं ठीक, पण विकत घेताना कापता येत नाही. मग आम्ही न कापता ओळखायच्या पद्धती शोधल्या. त्यातली पहिली फसली, ती मुद्दाम सांगतो. मल्टिमीटरवर कपॅसिटन्स मोजला. या गाड्यांना साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरड लागतो. त्याच दुकानातून आणलेला चौथा, न वापरलेला तुकडा ०.२२ दाखवत होता, म्हणजे अगदी बरोबर. थंड असताना डुप्लिकेट पास होतो. नुसत्या या आकड्यावर ‘ओरिजिनल आहे’ म्हणून शिक्का मारू नका.

दुसरी पद्धत कामाची निघाली. कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, वायर बाहेर ठेवायची, उकळी उतरलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवायचा आणि तिथेच मोजायचा. वडिलांच्या डब्यातला दुसरा एक जुना ०.२१वरून फारसा हलला नाही. नव्याचा आकडा आधी नाचायला लागला, वायर जरा हलवली की शून्य.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत खात्रीची, मेगरची, म्हणजे जास्त दाब देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची. घरांचं वायरिंग करणाऱ्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतोच. पॉइंट उघडताना कंडेन्सरवर क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट येतात, आणि मल्टिमीटर त्याला जेमतेम बॅटरीइतका दाब देतो, त्यामुळे खरी परीक्षा मेगरवरच होते. चांगला कंडेन्सर काटा वर नेऊन तिथेच धरतो. गळका असेल तर काटा खाली घसरतो. तपासून झाल्यावर वायर नळीला टेकवून तो रिकामा करायला विसरू नका, झटका जोरात बसतो.

डब्यावरचं साल

पद्मिनीचं उत्पादन २०००च्या आसपास थांबलं. तरी पार्ट मिळत राहिले, त्याचं मोठं कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीवाल्याला खोटा पार्ट आठवड्यात कळतो आणि तो दुकानात परत येऊन गल्ला हलवतो. ते गिऱ्हाईक आता नाही. उरलो आपण, महिन्यातून दोनदा गाडी काढणारे. आपल्याला पार्ट खोटा होता हे कळायलाच चार महिने लागतात, तोवर बिलही हरवलेलं असतं.

म्हणून ‘ओल्ड स्टॉक’ हा शब्द हल्ली फार चालतो. ‘साहेब, १९८५चा माल आहे, कंपनीचा, शेवटचे दोन पीस.’ अशा वेळी पार्ट बाजूला ठेवा आणि आधी डबा वाचा. किमतीपुढे ₹ हे चिन्ह असेल तर डबा जुलै २०१०नंतरचा, कारण त्याआधी ते चिन्हच नव्हतं. पत्त्यात मुंबई असेल तर १९९५नंतरचा, चेन्नई असेल तर १९९६नंतरचा. त्याआधी कंपन्या इंग्रजीत बॉम्बे आणि मद्रासच छापत. सहा आकडी पिनकोड १९७२च्या १५ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे १९६६च्या फियाटचा पार्ट म्हणून दाखवलेल्या डब्यावर पिनकोड असेल तर गणित जमत नाही. ८९०ने सुरू होणारा बारकोड, वेबसाइट, मोबाइल नंबर, यांतलं काहीही १९८५च्या डब्यावर असू शकत नाही. मायकोचे प्लग आपण सगळ्यांनी वापरले. त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं. तेव्हा मायकोच्या कोऱ्या पाकिटावर २०१७मध्ये आलेल्या जीएसटीचा उल्लेख दिसला तर पाकीट हळूच परत ठेवा.

यात एक धोका आहे. साल जुळलं म्हणजे माल खरा, असं होत नाही. खऱ्या जुन्या डब्यात नवा खोटा पार्ट भरलेला मी स्वतः पाहिला आहे. भंगारात रिकामे डबे विकले जातात, तेही चांगल्या भावाने. डब्यावरून खोटेपणा पकडता येतो, खरेपणाची खात्री देता येत नाही. माझी विनंती आहे की तुम्ही अस्सल पार्ट वापरलात तर रिकामा डबा फाडून टाका. तसाच कचऱ्यात गेला तर उद्या तोच कुणाच्या तरी हातात पडेल.

लोकल म्हणजे डुप्लिकेट नव्हे

हे कोल्हापुरात राहून लिहायलाच हवं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून देशभरातल्या गाड्यांचं कास्टिंग जातं. इथल्या एखाद्या टर्नरने स्वतःच्या नावाने पद्मिनीचा वॉटर पंप किंवा बुश बनवून विकला, तर तो प्रामाणिक माल आहे, आणि अनेकदा चांगलाही असतो. माझ्या गाडीचे सस्पेन्शनचे बुश असेच करून घेतलेले आहेत. डुप्लिकेट तो, जो दुसऱ्याचं नाव लावून येतो. ज्याला स्वतःचं नाव लावायला लाज वाटते त्याने आत काय भरलं असेल याचा विचार करा.

आपल्या गावात आणखी एक सोय आहे. पार्ट वाचू शकणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. ओळखीच्या पॅटर्नवाल्याला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्याला, जुनं आणि नवं कास्टिंग शेजारी दाखवा. साच्याची सांध्याची रेघ कुठून गेली आहे, नंबराची अक्षरं कडेला तीक्ष्ण आहेत की बसलेली आहेत, एवढ्यावरून तो सांगतो. जुन्याच पार्टवरून साचा उठवला असेल तर अक्षरं बोथट होतात आणि माप किंचित कमी येतं, कारण धातू थंड होताना आकसतो. ओतीव लोखंडात हे आकसणं मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या पार्टमागे एक मिलिमीटर. व्हर्निअरवर ते लगेच दिसतं.

किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिला, साधी कानस पुरते. खरी पिन वरून कडक केलेली असते, कानस तिच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते. टोकाला, जिथे बुश फिरत नाही तिथे, हलकेच घासून बघा. कानस धरली आणि चमकदार भुकटी निघाली तर ती मऊ सळई आहे, वरून नुसता मुलामा. शंका राहिली तर हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, दाब घ्या. ५८च्या आसपास किंवा वर आकडा यायला हवा. मऊ किंगपिन घालून गगनबावड्याचा घाट उतरू नका. हे अगदी कळकळीने सांगतोय.

पिस्टन घेतले तर चारही एकत्र तोला. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, त्यातून १०८९ सीसी. हे सगळे पाहतात, पण वजन कुणी बघत नाही. मी चार पिस्टन पिशवीत घालून गुजरीत ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने सोन्याच्या काट्यावर एकेक ठेवला. तीन पिस्टन एकमेकांच्या दोन ग्रॅमच्या आत, चौथा अकरा ग्रॅम जड. सेट एकाच डब्यातला होता, म्हणजे कुणीतरी जुळवून भरलेला. परत केला.

बेअरिंगचं थोडक्यात: नंबर आणि माप जुळलं पाहिजे. ६२०३ असेल तर आतलं भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिमी, जगात कुठेही. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यातून फोटो पाठवून कंपनीकडून खात्री करून घेता येते.

रोटरच्या, म्हणजे डेल्कोत फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्याच्या, बाबतीत पितळी पट्टी ज्या रिव्हेटने बसवलेली असते तो बघा. रिव्हेट खोल गेला आणि खालचं प्लॅस्टिक पातळ राहिलं तर करंट प्लगकडे न जाता सरळ दांड्यातून जमिनीला जातो, आणि तेही गरम झाल्यावरच. कॉइलची मोठी वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, हाताने नव्हे, इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने, आणि सेल्फ मारा. वायरीतून पट्टीवर ठिणगी उडत राहिली तर रोटर फुटका समजा.

ब्रेकच्या रबराबाबत थांबून वाचा

इथे मात्र अस्सल ओल्ड स्टॉकसुद्धा नको. तीस वर्षं डब्यात पडलेलं रबर कंपनीचं असलं तरी ते मेलेलं रबर आहे. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचं किट नेहमी ताजं घ्या, आणि बसवायच्या आधी एक आठवडा द्या.

आपल्या गाड्यांत वापरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल नावाला ऑइल, प्रत्यक्षात ते ग्लायकॉलच्या जातीचं. त्याला चालणारं रबर वेगळं आणि इंजिन ऑइलला चालणारं रबर वेगळं. खोट्या किटमध्ये ऑइल सीलचंच रबर वापरलेलं असतं, ते ग्लायकॉलमध्ये फुगतं. परीक्षा सोपी आहे. किटमधल्या रबरी कपाचा व्यास व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. काचेच्या बरणीत ताजं ब्रेक ऑइल घेऊन कप बुडवा, झाकण घट्ट लावा, आणि बरणी पाच-सहा दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. मग पुसून पुन्हा मोजा. किंचित फरक चालतो. कप बोटाला चिकट लागला, ऑइल काळं झालं, किंवा मिलिमीटरभर फुगला, तर पूर्ण किट टाकून द्या. फुगलेला कप सिलिंडरमध्ये अडकतो, ब्रेक सोडला तरी चाक मोकळं होत नाही, ड्रम तापतो, आणि उतारावर पेडल खाली जातं. ही परीक्षा आमच्या मेस्त्रींनी शिकवली. माझ्या गाडीच्या एका किटमधले दोन कप त्यात नापास झाले, आणि ते रंकाळ्याच्या कडेने जाताना नव्हे तर गच्चीवरच्या बरणीत कळलं याचं मला आजही बरं वाटतं.

बिलाचं सांगायलाच हवं. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कंपनीचं नाव व पार्ट नंबर लिहून मागा. नुसतं ‘कंडेन्सर १ नग’ नको. नाव लिहायला दुकानदार तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९ प्रमाणे दुसऱ्याचा खोटा ट्रेडमार्क लावणं हा सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. ग्राहक म्हणून तक्रार १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. मी आधी डब्यावरच्या खऱ्या कंपनीला कापलेल्या कंडेन्सरचे फोटो पाठवले. त्यांनाही हे कळायला हवं.

गाडीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. सध्या बनणाऱ्या, दुसऱ्या एका गाडीच्या मापाचे तीन कंडेन्सर आणले. तिन्ही गरम पाण्यात आणि मेगरवर तपासले. दोन पास झाले. एक डेल्कोवर न बसवता कॉइलच्या क्लॅम्पजवळ, इंजिनच्या गरमीपासून लांब लावला. विजेच्या हिशेबाने फरक पडत नाही, फक्त अर्थ चकचकीत घासून घ्यावा लागतो. पॉइंट नवे घातले, फट फिलर गेजने ०.४५ मिमी ठेवली, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवलं. पाचशे किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजली, तशीच होती. आधीच्या खोट्या सेटची कॅमवर घासणारी टाच एवढ्यात झिजून फट निम्मी व्हायची आणि टायमिंग मागे पडायचं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला तीन दरवाजापर्यंत न थांबता गेलो. दुसरा पास झालेला कंडेन्सर डिकीतल्या बिस्किटाच्या डब्यात आहे. त्याला चिकटपट्टीने चिठ्ठी लावली आहे: ०.२३, गरम ०.२३, मेगर ठीक, आणि तारीख.